मास्तर उभाच आहे

३ एप्रिल, गुरुवार

एक तास दहा मिनिटं! आज घड्याळ लावून बघितलं. बाल्कनीच्या जाळीपलीकडे एसीच्या डब्यावर पारवा, आणि अलीकडे मास्तर – पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पारव्याच्या दिशेनं. भुंकणं नाही, झेप नाही. नुसता उभा. हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. शेवटी पट्टा धरून ओढला तर फरशीवर नखं घासत आत आला, आणि मी पट्टा सोडल्याबरोबर परत तिथेच. तोच पाय वर. पारवा उडाला तेव्हा कुठे सुटला बिचारा. पारव्यालाच दया आली म्हणायची.

शिकारी कुत्र्यांतली पॉइंटर जात. यांचं कामच हे. पक्ष्याचा सुगावा लागला की गोठल्यासारखं उभं राहून मालकाला दाखवायचं, आणि मालकानं सोडेपर्यंत हलायचं नाही. मालक म्हणजे आप्पा. ते कसं सोडायचे देव जाणे. काहीतरी शब्द असणार. आणि आप्पांचे शब्द सव्वीस जानेवारीला गेले. हातातून चहाचा कप पडला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ‘अं’ आणि ‘हं’ एवढीच बाराखडी उरली आहे.

४ एप्रिल

जा, चल, सोड, घे, बस, पुरे, शाबास, झालं, मास्तर बाळा, अरे मेल्या – सगळं म्हणून झालं. ढिम्म!

६ एप्रिल, रविवार

पुण्याहून राजेशचा फोन. धाकटा भाऊ असून मोठ्यासारखा बोलतो. “ताई, तो कुत्रा देऊन टाक आणि आप्पांना इकडे आण. आमचं घर तळमजल्यावर आहे, आम्ही दोघं आहोत. तू एकटी बदलापुरात काय काय करणार?” म्हटलं, मला जमतंय. तर म्हणतो, “तुला जमत नाही असं मी म्हणतच नाही.” मग काय म्हणतोस? फोन ठेवला.

त्याला काय जमणार आहे! आप्पांना खीर किती पातळ लागते हे तरी ठाऊक आहे का त्याला?

आणि कुत्रा कसा देऊन टाकू? आप्पांनी आयुष्यात स्वतःसाठी मागून घेतलेली ती एकच गोष्ट. अंबरनाथ एमआयडीसीत परसू शेठच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. रिटायर होताना शेठ घड्याळ देत होते. तेव्हाच शेठच्या उल्हासनगर कॅम्प चारच्या बंगल्यात कुत्रीला पिल्लं झालेली. आप्पा म्हणाले, घड्याळ नको, ते ठिपक्याठिपक्यांचं द्या. शेठ म्हणे, “अरे हिंदुराव, घडी ले ना यार! ये कुत्ता तेरे को क्या टाइम बतायेगा?” आप्पा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पिल्लू तेव्हाच पाय उचलून उभं राहायचं. आप्पा म्हणाले, हा बघा, बोट उगारून वर्ग गप्प करणारा मास्तर. तेच नाव पडलं.

कसला मास्तर! गरीब गाय. खालची मांजर याच्या ताटलीतला दहीभात खाते आणि हा बाजूला बसून तिचं होईपर्यंत वाट बघतो.

९ एप्रिल, बुधवार

बँकेतून पत्र. पुन्हा तेच. प्रमोशन, पोस्टिंग कोल्हापूर. मागच्या वेळी आईचं शेवटचं आजारपण होतं म्हणून नाही म्हटलं. आता होय की नाही ते नऊ मेपर्यंत लेखी द्यायचं. शाखेतली मीना म्हणाली, “वेणू, या वेळी घेच. पुन्हा विचारणार नाहीत.” तिला काय, तिच्या घरी सासू, नणंद, नवरा, सगळी फौज.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. म्हटलं, काळजी करू नका, मी कुठे जात नाही. त्यांनी डावा हात काढून माझ्या मनगटावर थापटलं. दोनदा. ही त्यांची लघवीची खूण. हॉस्पिटलातून आल्यापासून हेच. भांडं आणून लावलं, पाच मिनिटं मी धरून बसले. काही नाही. कोरडं. मग आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं आणि डोळ्यांतून पाणी.

मुलीकडून हे करून घ्यायची लाज वाटते त्यांना. मला कळतं. पण मी काय करू?

१२ एप्रिल, शनिवार

अक्षर बघ कसं येतंय.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून उन्हाच्या आत मास्तरला पाइपलाइन रोडला नेला. कुणाच्या तरी पोत्यातून रस्त्यावर तांदूळ सांडलेला, त्यावर पारव्यांचा थवा. झालं! भर रस्त्यात पाय वर. मी ओढतेय, तो हलत नाही. समोरून एमआयडीसीचा टँकर, हॉर्नवर हॉर्न. पारवे उडून गेले, पण त्यांतला एक लंगडा तिथेच राहिला आणि त्या एकासाठी हाही राहिला. टँकर करकचून थांबला तो आमच्यापासून चार हातांवर. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून – “ओ मॅडम! मरायचंय काय? कुत्ता हटाव ना!” मी दोन्ही हातांनी उचलला. पंचवीस किलोचा. उचलल्यावरसुद्धा त्याचा पाय तसाच मुडपलेला आणि नाक पारव्याकडे.

कडेला आणून मी त्याला मारलं. पट्ट्यानं. तीन-चार वेळा. ओरडलासुद्धा नाही. मान वळवून मागे बघत होता. माझ्या मागे. कुणीतरी येईल म्हणून.

१३ एप्रिल

माझ्यावर रागावलेला नाही. पायाशी येऊन झोपलाय. रागावला असता तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज अक्षरांचा तक्ता घेऊन आप्पांसमोर बसले. म्हटलं, मास्तरला सोडताना काय म्हणायचात? नुसतं बोट ठेवा. क? ख? ग? बोट तक्त्यावरून भरकटत गेलं आणि खाली पडलं. डॉक्टर म्हणालेच होते, अक्षरंही गेली असतील. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. मला थांबता येत नाही हा माझा रोगच आहे. आप्पांनी तक्ता ढकलून दिला. मग पलंगाच्या कडेवर थाप, थाप. माझ्या हातावर थाप, थाप. माझ्याकडे बघताहेत असे – जणू मीच मुकी आहे.

मी भांडं आणलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

कोरडं.

सुंदराबाई दिवसभर आप्पांचं करायला येतात. त्यांना म्हटलं, आप्पा सारखं थापटतात आणि मग करत नाहीत, डॉक्टरांना दाखवायला हवं का? त्या म्हणाल्या, “मला न्हाईत थापटत. माझ्याकडं लागली की चादर वढत्यात.” असेल. परक्या बाईला थापटायला संकोच वाटत असेल.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी एकला सुंदराबाईंचा फोन. “ताई, लवकर या, कुत्रं पडलंय.” आप्पांना अंघोळ घालायला त्या आत गेल्या, बाल्कनीचं दार नुसतं लोटलेलं. यानं नाकानं उघडलं. बाहेर पारवा. किती वेळ उभा होता कुणालाच माहीत नाही. त्रेचाळीस डिग्री ऊन! पंजे भाजलेले, जीभ बाहेर, डोळे फिरलेले. उभ्या उभ्या पडला.

रिक्षात मांडीवर घेऊन उल्हासनगरला डॉक्टरांकडे. सगळ्या वाटेत ओला टॉवेल आणि मी नुसती ‘मास्तर मास्तर’. सलाईन लावलं. डॉक्टर वाईट बोलले नाहीत, पण बोलले ते खरं बोलले – “हे शेतावरचं कुत्रं आहे. ज्यानं शिकवलं त्याला सोडवता येत नसेल, तर दुसऱ्या कुणाला जमेल त्याला द्या. आज वाचला. मे महिना अजून यायचाय.”

बाल्कनी बंद करीन. पण मग स्वयंपाकघराची खिडकी आहे. खिडकी बंद केली तर जिन्यात पारवे आहेत. साऱ्या बदलापूरचे पारवे मी कुठे नेऊन सोडू?

२४ एप्रिल, गुरुवार

हरले. राजेशला कुत्र्यापुरतं हो म्हटलं. त्याच्या ओळखीचे कुणी कैलासराव आहेत, वांगणीला फार्महाऊस. चार तारखेला, रविवारी न्यायला येणार. राखणीला हवाय म्हणे. राखणीला! मास्तर! चोर आला तर पाय उचलून दाखवील फक्त.

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

भाजलेल्या पंजांना मलम लावताना त्यानं माझा हात चाटला. मी जेवले नाही.

२७ एप्रिल, रविवार

देण्याआधी एकदा त्याला बारवी धरणाकडे न्यायचं ठरवलं. आप्पांची जागा ती. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे स्कूटरवर पुढे मास्तरला उभा करून जायचे. कारखान्यात पूर्वी हमालीला असलेला भीमा तिकडच्या वाडीत राहतो, त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडून पाखरं बघायची आणि दहाच्या आत घरी. बंदूक नाही, फासा नाही, नुसतं बघायचं. मला कितीदा म्हणाले, चल एकदा. सुट्टी असूनही एकदासुद्धा गेले नाही. मला कपडे धुवायचे असत!

रिक्षावाल्यानं विचारलं, चावतो का? म्हटलं, यानं आयुष्यात भाकरीशिवाय काही चावलेलं नाही.

वाडीत भीमाचं घर शोधावं लागलं नाही. मास्तरनंच नेलं. भीमाची बायको भिकी बाहेर आली, मास्तरला बघून हसली आणि मग माझ्या मागे कुणी नाही हे बघून हसू मावळलं. तीन महिने झाले, मी यांना कळवलंच नव्हतं! सुचलंसुद्धा नाही. भीमा म्हणाला, “आमी समजलो, आप्पा रागावला. मी भिकीला बोललो बी, माजं काय चुकलं असंल.” म्हातारा रोज सकाळी वाटेकडे बघत बसायचा. आप्पांचं ऐकून खाली बसला.

मी शब्दाचं विचारलं. आप्पा काय म्हणायचे? भीमाला प्रश्नच कळेना.

“बोलाचा? काय बोलाचा? तो कदी बोललाच नाय.”

मला वाटलं विसरला असेल, वय झालंय. परत विचारलं. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, चल.

कापलेल्या भातशेतांतून निघालो. बांधाच्या कडेला वाळकं गवत. मास्तरनं हवेत नाक धरलं, चार पावलं टाकली आणि थांबला. पाय वर. मी तोंड उघडलं तर भीमानं माझ्या दंडाला धरलं. ओठांवर बोट. मग वाकून, पावलाचा आवाज न करता मास्तरच्या बाजूला गेला, उकिडवा बसला आणि त्याच्या खांद्यावर हातानं थापटलं. हलकं. दोनदा.

मास्तर पुढे झाला. फर्रकन लावा उडाला, मातकट, मुठीएवढा. मास्तर त्याच्या मागे धावलासुद्धा नाही. उडताना बघितलं, अंग झाडलं, आणि शेपूट हलवत आमच्याकडे आला. एवढंच. एवढंच होतं!

“आवाज क्येला त पाखरू उठतंय ना, पोरी. मंग बोलंल कोन?”

मी तिथे बांधावर बसून रडले. तीन महिने मी शब्द शोधत होते. शब्द नव्हताच. आम्हा शिकलेल्या माणसांना तोंडाशिवाय काही सांगता येतं हेच माहीत नसतं. भीमाला विचारलं, दोन थापांचा अर्थ काय?

तो म्हणाला, “आर्थ कसला? तो येवडा जीव धरून हुबा हाय, तेला सांगाचं – झालं तुजं. म्या बगितलं. जा आता.”

येताना भिकीनं आप्पांसाठी करवंदं बांधून दिली. खाता येणार नाहीत त्यांना. तरी आणली.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी बाल्कनीत पारवा. मास्तर उभा. मी गेले, वाकले, खांद्यावर दोन थापा. पाय खाली! पारवा उडाला, मास्तर वळून आत आला आणि पाणी प्यायला. अर्धं मिनिटही नाही!

आणि आप्पा! पलंगावरून बघत होते. आधी डोळे मोठे झाले. मग हसले. वाकड्या तोंडानं, एका बाजूनं, लाळ गळेपर्यंत हसले. सव्वीस जानेवारीनंतर पहिल्यांदा. म्हटलं, कळलं हो आप्पा, उशिरा कळलं पण कळलं. तुम्ही पलंगावर थापटून हेच दाखवत होतात ना? त्यांनी मान हलवली. हो. मग पुन्हा हलवली, वेगळ्या तऱ्हेनं. ती काही मला कळली नाही. उत्साहात दोन माना हलल्या असतील.

राजेशला फोन – कैलासरावांना येऊ नका सांग. तो हसला. म्हणाला, “बरं झालं ताई. आता आप्पांचं काय? आणि तुझ्या पत्राचं?” याला नेमकं आनंदातच आठवतं!

१ मे

करवंदं कुस्करून, गाळून, साखर घालून चमच्यानं दिली. चार चमचे खाल्ले आप्पांनी!

३ मे, शनिवार

चांगले दिवस चाललेत. मास्तरचे पंजे भरले. सकाळी पाइपलाइन रोडला जाऊन आलो, तीन वेळा उभा राहिला, तिन्ही वेळा सोडवला. चालताना सारखा वर बघतो माझ्याकडे. पूर्वी मागे बघायचा.

नकाराचं पत्र लिहून ठेवलं. ‘कौटुंबिक अडचणीमुळे.’ आप्पांपाशी बसून म्हटलं, लिहिलं एकदाचं, कटकट मिटली. पुन्हा थाप, थाप मनगटावर. पुन्हा भांडं. पुन्हा कोरडं. मी चिडले. म्हटलं, आप्पा, लागली नसेल तर कशाला बोलावता? किती वेळा उठू मी?

असं बोलायला नको होतं. आप्पा तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. मास्तरचं सुटलं म्हणजे सगळंच सुटलं असं मला वाटलं होतं. यांचं कोण सांगणार मला? यांचा भीमा कुठून आणू?

५ मे

मीना म्हणाली, पत्र अजून दिलं नाहीस? उद्या देते म्हटलं.

७ मे, बुधवार

निघण्याआधी पत्र आप्पांना वाचून दाखवलं. मास्तर खिडकीशी पाय उचलून उभा होता. वाचता वाचता मी वाकले, त्याच्या खांद्यावर दोन थापा दिल्या. तो निघाला. मी सरळ होतेय तोच आप्पांचा डावा हात माझ्या मनगटावर. दोन थापा. तेवढ्याच हलक्या.

सवयीनं भांड्याकडे वळले. भांडं हातात घेतलं. कोरडं. हॉस्पिटलातून आल्यापासून या थापांनंतर ते कोरडंच परत जातंय.

झालं तुझं. मी बघितलं. जा आता.

दहा वाजून गेले. पत्र पर्समध्येच आहे. थाप बसली की मास्तर क्षणात निघतो. मी तासभर पलंगाशी बसून आहे, आणि मला उठता येत नाही.